सातव्या महिन्याचा चुडा

भालकीच्या मुलींच्या शाळेत मी मास्तरीण म्हणून रुजू झाले, तेव्हा मला सगळ्यात जड जायचा तो शुक्रवार. निजामाचं राज्य, त्यामुळे आठवड्याची सुट्टी जुम्म्याची. इतर दिवशी मुलींचा गलका असे, पाढे असत, उर्दूचा तास असे. शुक्रवारी खोलीत मी आणि माझी ट्रंक. दोन भाकऱ्या थापल्या की दिवसाचं काम संपे. मग मी खिडकीशी बसत असे. तिथून घरमालकिणीचं मागचं अंगण आणि धुण्याचा दगड दिसे. घरमालकीण भली होती. ताक देई, कधी आमटी देई. पण आपल्या सुनांना ती माझ्याकडे बसू देत नसे. एवढ्या वयाची, बी.ए. झालेली, कपाळाला कुंकू पण गळ्यात काही नाही, अशी बाई त्या घरानं आधी पाहिली नव्हती. मला कोणत्या पाटावर बसवावं, हेच त्यांना उमजत नव्हतं.

म्हणून शाळाखात्याच्या मोहतमिम साहेबांच्या कचेरीतून जेव्हा हुकूम आला, की शिकलेल्या शिक्षिकांनी सुट्टीच्या दिवशी आसपासच्या गावांत जाऊन गरोदर बायकांना आरोग्याच्या गोष्टी समजावून सांगाव्यात, तेव्हा शाळेतल्या दुसऱ्या दोघी कुरकुरल्या आणि मी मनातून हरखले. शुक्रवारी कुठंतरी जायला मिळणार होतं.

त्याआधी आम्हाला बीदरच्या दवाखान्यात थोडे दिवस शिकायला ठेवलं. तिथल्या डॉक्टरीणबाई कडक होत्या. काय खावं, किती विश्रांती घ्यावी, कोणतं काम टाळावं, माती आणि राख का खाऊ नये, सगळं त्यांनी नीट शिकवलं. शेवटी म्हणाल्या, "हातपाय आणि तोंड सुजलं, डोकं ठणकू लागलं, डोळ्यांपुढं चमकायला लागलं, तर बाईला घरी ठेवायचं नाही. बाकीचं ऐकलं नाही तर बाई अशक्त होते. हे ऐकलं नाही तर बाई जाते." ते वाक्य मी मनात जपून ठेवलं. माझी आई माझ्या जन्माच्या वेळी गेली होती. कशानं गेली ते मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि विचारलं तर "बाळंतपणात" एवढंच उत्तर मिळे.

बीदरहून आम्हाला एक तक्ताही मिळाला. जाड कापडावर डकवलेलं मोठं चित्र, खाली उर्दूत ओळी. चित्रात एक गोरी बाई खुर्चीवर बसलेली. पुढ्यात मेज, मेजावर दुधाचा पेला, अंडी, द्राक्षं आणि सफरचंदं.

पहिल्याच गावात मारुतीच्या देवळापुढं मी तो तक्ता टांगला. बायका खूप जमल्या. तक्ता बघायला जमल्या होत्या, मला ऐकायला नव्हे. मी घसा साफ केला आणि शाळेत सांगतात तसं म्हणाले, "ज्या गरोदर आहेत त्यांनी पुढं येऊन बसावं."

कोणीच हललं नाही. उलट मागच्या बाजूनं दोघीतिघी उठून चालू लागल्या.

एक म्हातारी कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं माय, असं चारचौघांत इचारतेत व्हय? दिष्ट लागंल की."

मी ओशाळले. मी खेड्यातच वाढलेली. पहिली चोळीसुद्धा आमच्याकडे चोरून देतात, पोट दिसेपर्यंत शेजारणीलाही सांगत नाहीत, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण हैदराबादच्या कॉलेजातून येताना मी ते कुठंतरी विसरून आले होते.

तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एकीनं तक्त्याकडे बोट केलं. "ही कुणाची सून म्हनायची?"

"खुर्चीवर बसून जेवायलीय. सासू मेलीय वाटतं हिची."

"आन् हे लाल लाल काय हाय, बाई?"

"सफरचंद," मी म्हणाले.

"कुठं पिकतंय?"

"काश्मिरात."

"मग गरवार बायांनी काश्मीरला जावं म्हनं!"

सगळं देऊळ हसलं. मीही हसले. मग ती म्हातारी मायेनंच म्हणाली, "बाई, तुला लेकरं किती?"

"न्हाईत."

"मालक?"

"न्हाईत."

"मग तुला कामून धाडलं?"

तिच्या विचारण्यात खोच नव्हती, म्हणूनच ते मला जास्त लागलं. परत येताना बैलगाडीत तक्ता मांडीवर आडवा धरून मी बसले होते. गाडीवान गाणं म्हणत होता आणि मी त्या प्रश्नाचं उत्तर शोधत होते. कामून धाडलं?

पुढच्या शुक्रवारपासून मी शहाणी झाले. तक्त्याची सफरचंदांकडची कड दुमडून ठेवू लागले. सफरचंदाच्या जागी अंबाडीची भाजी, तुरीचं वरण, शेंगा, गूळ, ताक असं बोलू लागले. लिंगायत घरांतल्या बायका असल्या की थोडं कानडीत सांगे. सुनेनं सगळ्यांच्या मागून खरवडलेलं खाऊ नये, निदान या दिवसांत तिचं ताट आधी वाढावं, असं सांगितलं की सासवा नाकं मुरडत. पण ऐकत. कोणालाही समोर बोलवत नसे. "एका गावात एक बाई होती," अशीच सुरुवात करी.

एक गोष्ट मात्र कोणी ऐकूनच घेईना. ती सुजेची.

"सूज कसली, बाई? अंग भरतंय ते," असं म्हणून त्या हसत. त्यांचं तरी काय चुकत होतं? आमच्या भागात वर्षभर जी सून काटकी असते, तिचं तोंड आठव्या महिन्यात गोल झालं, तर सासूला केवढा अभिमान. आमच्या घरचं अन्न अंगी लागलं म्हणून ती चार बायकांना सांगत सुटे. पाय तर कोणी पाहातच नाही. लुगड्याखाली असतात आणि सुनेनं ते झाकूनच ठेवायचे असतात.

माझं घर भालकीजवळच्या मेहकरला. तिथं माझा मोठा भाऊ, ज्याला मी अण्णा म्हणते, वैनी आणि चुलती. आई गेली, पुढं वडीलही गेले, आणि अण्णानंच मला वाढवलं. वैनी आमच्या घरात आली तेव्हा मी परकरी पोर होते. माझी वेणी तिनं घातली. गावात मुलींची शाळा नव्हती, तर पोरांच्या शाळेत मला बसवून यायला अण्णा जाई आणि वैनी दारात उभी राही. पुढं मी बीदरला आणि मग हैदराबादला शिकायला गेले, तेव्हा डब्यासाठी शेंगांची चटणी कुटताना तिच्या हाताला फोड येत. आज माझ्या नावापुढं जी पदवी आहे ती या दोघांच्या घामाची आहे. हे मी तेव्हा त्यांना कधी बोलून दाखवलं नाही. आमच्याकडे तशी रीत नाही.

वैनीची दोन लेकरं पोटातच गेली होती. आता तिसऱ्यांदा दिवस होते. सातव्या महिन्यात चोळीचा कार्यक्रम झाला, त्याला मी गेले. शेजारच्या लिंगायत घरात याला कुबसा म्हणतात. त्यांच्याही बायका आल्या होत्या. वैनीला हिरवी चोळी, हिरवं लुगडं. कासार आला आणि त्यानं तिच्या दोन्ही हातांत हिरवा चुडा भरला. तो चुडा बाळंत होईपर्यंत उतरवायचा नसतो. मधे वाढवला तर अपशकुन. भरल्या हातांच्या बाईच्या बांगड्या फोडतात त्या एकाच वेळी, नवरा गेल्यावर.

ओटी सवाष्णींनी भरायची. मी बिनलग्नाची, म्हणून चुलतीनं मला चुलीपाशी बसवलं. पुरणाच्या पातेल्याकडे बघत मी बाहेरचं बोलणं ऐकत होते. वैनी मुद्दाम आत आली, माझ्या कानाशी दोन्ही मनगटं हलवली आणि म्हणाली, "बघ गं बाई, कशा खुळखुळायल्यात!" मास्तरीण झाल्यापासून ती मला चिडवायला बाई म्हणे. तो आवाज घेऊन मी भालकीला परत आले. खोलीत त्या दिवशी फार शांत वाटलं.

त्यानंतर मी घरी गेले ती आठवा महिना सरत आला तेव्हा. वैनी भाकरी थापत होती. मी उंबऱ्यावर बसून तिला शाळेतल्या गमती सांगत होते आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. थोड्या वेळानं लक्षात आलं. भाकरीच्या थापांचा आवाज येत होता. बांगड्यांचा येत नव्हता.

"वैनी, हात बघू."

"कामून गं? पीठ हाय हाताला."

मी तिचा हात धरला. चुडा मनगटात रुतला होता. एकेक बांगडी फिरवायला गेले, तर कातडी तिच्याबरोबर ओढली जात होती. तोंडही फुगलं होतं. इतका वेळ मी त्याकडे बघत होते आणि मलाही ते बरंच वाटलं होतं.

"डोकं दुखतंय?"

"दुखतंय थोडं. ऊन किती हाय."

"डोळ्यांपुढं काही?"

"काजवे चमकायलेत कवाकवा. तू काय आता माझी परीक्षा घ्यायलीस काय, बाई?" असं म्हणून ती हसली.

चुलती जात्यावरून म्हणाली, "अंग भरलंय तिचं. ह्या बारीला देवानं ऐकलं बघ."

"काकी, हिला बीदरला न्यावं लागंल. दवाखान्यात."

"बीदरला? भरल्या दिवसांची बाई येशीभायेर न्यायची? मला काय इचारतीस? तुझ्या अण्णाला इचार."

चुलतीला ठाऊक होतं, की ते मला विचारता येणार नाही. माझं अण्णाशी सगळं बोलणं होई. परीक्षेचं, पिकाचं, युद्धामुळं रॉकेल मिळत नाही त्याचं. पण वैनीला दिवस आहेत, हे एवढ्या महिन्यांत त्यानं माझ्यासमोर किंवा मी त्याच्यासमोर एकदाही उच्चारलं नव्हतं. बहिणीनं भावापुढं अशा गोष्टीचं तोंड काढायचं नसतं, आणि बिनलग्नाच्या बहिणीनं तर नाहीच. वैनी चुलतीसमोर त्याच्याशी बोलत नसे. आणि चुलतीला सूज दिसत नव्हती. कितीतरी गावांना मी ही गोष्ट सांगत फिरले होते, आणि ओट्यावर बसलेल्या माझ्या सख्ख्या भावाला ती सांगण्याची वाट मला सापडत नव्हती.

अण्णा बाहेर अंबाडीचा दोर वळत बसला होता. दाराच्या फटीतून मला त्याची पाठ दिसत होती.  मग आत जाऊन तक्ता काढला. परत जाताना वाटेतल्या गावात लावायचा म्हणून तो माझ्याबरोबर होता. आतल्या अंगणात, ओट्याच्या भिंतीला लागून जी खुंटी होती, तिला मी तो टांगला आणि शेजारणींना हाका मारल्या. "तक्ता बघायला या गं!"

पाचसहा जणी आल्या. वैनी दारात टेकून बसली. मी बोलू लागले. घरच्या अंगणात, ओळखीच्या बायकांसमोर, देवळापुढं बोलते त्याहून मोठ्यानं.

"अगं, एवढी वरडतीस कामून?" शेजारीण म्हणाली. "आमी काय बहिऱ्या हाव?"

मी आवाज खाली आणला नाही. "एका गावात एक बाई होती. सातव्या महिन्यात तिला चुडा भरला. तेव्हा तो वाजत होता. आठव्यात तो वाजायचा थांबला. घरच्यांना वाटलं, अंग भरलं. पण अन्नानं अंग असं महिन्यात भरत न्हाई. हे पाणी असतंय. चुडा रुतला, डोकं दुखू लागलं, डोळ्यांपुढं काजवे आले, तर त्या बाईला त्याच दिवशी, न्हाईतर दुसऱ्या दिवशी दवाखान्यात न्यायचं. न्हाई नेलं तर तिला झटके येतेत. मग बाई बी जाती आन् लेकरू बी."

 वैनीनं पदराखाली हात ओढून घेतले. मग जात्यापाशी बसलेली चुलती, माझ्याकडे न बघता, हळू म्हणाली,

"तुझ्या मायचं बी त्वांड असंच झालतं."

मी तक्ता सोडून तिच्याकडे वळले.

"झटके आलते तिला. तू झालीस आन् ती गेली. आमी म्हनायचो, काय भरलीय माय, काय रूप आलंय." चुलतीनं डोळ्याला पदर लावला. "आमी दिष्ट काढायचो तिची."

भिंतीपलीकडे दोर वळण्याचा जो घासल्यासारखा आवाज येत होता, तो थांबला. आई गेली तेव्हा अण्णा कळत्या वयाचा होता. ते तोंड त्यानं पाहिलं असणार.

 मग त्याचं खाकरणं ऐकू आलं. तो आत आला नाही. ओट्यावरूनच, कोणाचंही नाव न घेता म्हणाला, "काकी, उद्या पहाटं भालकीला गाडी जुंपायलोय. तिथून रेल्वेनं बीदरला जायचं हाय. कुणाला यायचं असंल तर तयार ऱ्हावा म्हनावं."

दुसऱ्या दिवशी गाडीत कडबा टाकून त्यावर वाकळ अंथरली. चुलतीनं वैनीच्या पदराला मीठमिरच्या बांधल्या.  अण्णा पुढं, पाठ करून. वैनी माझ्या मांडीवर डोकं ठेवून डोळे मिटून पडली होती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिला पाहिलं आणि मला एवढंच म्हणाल्या, "वेळेवर आणलंत. लेकराचं सांगता येत नाही." हाताची सूज इतकी होती, की चुडा काढावाच लागणार होता. ते ऐकल्यावर वैनी उठून बसली. तोपर्यंत तिनं सगळं निमूट सोसलं होतं.

"तेवढं नगं. मालक जित्ते हायत माजे. भायेर झाडाखाली बसलेत. तेवढं नगं, पोरी." त्या क्षणी ती मला बाई म्हणाली नाही.

नर्स मुसलमान होती, वयस्कर. ती दखनीत म्हणाली, "अम्मा, चूड़ियों का क्या है? हाथ बच गया तो फिर भर लेना." तिनं बांगड्यांभोवती ओलं फडकं गुंडाळलं. मी वैनीचं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि तिचं तोंड माझ्या खांद्यावर घेतलं. काच मोडल्याचा आवाज फडक्यात दबला. तरी तिला तो ऐकू आला.

मुलगी झाली. दिवस भरण्याआधीची, अगदी हलकी. पाचवी दवाखान्यातच पुजली. बारशापर्यंत ती राहिली नाही. आत्या म्हणून नाव ठेवायचा मान माझा होता. मी नाव ठरवलं होतं. ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

वैनी वाचली. सूज उतरायला पुष्कळ दिवस लागले. घरी परतताना बीदरच्या ठेसनावर अण्णा माझ्याजवळ उभा होता. वैनी बाकावर बसली होती, मोकळे हात पदरात घेऊन. गाडीची वाट बघत तो रुळांकडे पाहात म्हणाला, "हाय ती. हाय न्हवं." एवढंच. त्याच्या तोंडून त्या विषयावर मी ऐकलेलं तेवढंच.

गावानं मात्र वेगळं पाहिलं. भरल्या हातानं गेलेली बाई मोकळ्या हातानं परत आली, कूसही रिकामी. शिकलेल्या नणंदेनं चुडा फोडून आणला, मग लेकरू कसं राहील? हे बोलणं माझ्या आधी गावोगाव पोचलं. शुक्रवारी मी तक्ता टांगून उभी राही आणि समोर दोनचार म्हाताऱ्या आणि पोरं असत. एका गावात तर मला दिसेल अशा रीतीनं दारं ओढून घेतली. मी रिकाम्या पारासमोर सगळं सांगितलं, कारण न सांगता परतणं मला जमेना. खोलीवर आले की कितीतरी वेळ तक्ता गुंडाळलेलाच हातात असे. नोकरी सोडावी, असंही मनात आलं. पण जायचं कुठं? मेहकरला गेले तर वैनीच्या दुःखात माझं तोंड सारखं समोर राहणार.

असे काही महिने गेले. एका शुक्रवारी मेहकरच्या शेजारच्याच गावात मी बोलत होते. जमलेल्या बायका लांब, भिंतीच्या सावलीला उभ्या होत्या. पुढची सगळी जागा मोकळी. वाटेनं वैनी चालत येताना दिसली. एकटी. ती सरळ आली आणि त्या मोकळ्या जागेत, तक्त्याच्या अगदी पुढ्यात बसली. तिच्या हातात नव्या बांगड्या होत्या.

भिंतीकडून कोणीतरी म्हणालं, "हिचाच चुडा फोडला न्हवं?"

वैनीनं मागं वळून पाहिलं. "व्हय, माझाच. म्हनून तर हितं बसाया मी जित्ती हाय." मग माझ्याकडे वळून, घरच्यासारखी, "सांग की गं बाई. कामून थांबलीस?"

मी सांगितलं.  झाल्यावर तिनं फडक्यातून आणलेली भाकरी आणि शेंगांची चटणी माझ्या पुढ्यात ठेवली. आम्ही दोघींनी पारावर बसून खाल्लं.  ऊन उतरल्यावर ती मेहकरच्या वाटेला लागली आणि मी भालकीच्या. तिला पुढं मूल झालं नाही.

त्यानंतरचा एक शुक्रवार पावसानं बुडाला. गावाला जाता आलं नाही. मी खिडकीशी बसले होते. घरमालकीण कुठं गेली होती. तिची धाकटी सून मागच्या अंगणात आली, दगडावरचं धुणं उचललं, पुन्हा ठेवलं. मग इकडंतिकडं बघून खिडकीपाशी आली.  गजांतून तिनं हात आत सरकवला. मनगटात हिरवा चुडा होता.

मी एकेक बांगडी फिरवून पाहिली. सगळ्या सैल होत्या. खुळखुळल्या.

"चांगलं हाय," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. हात मात्र लगेच मागं घेतला नाही. मीही तो सोडला नाही. बाहेर पाऊस पडत होता, आणि घरातून कोणीतरी तिला हाक मारीपर्यंत आम्ही तशाच होतो.